वस्तू हटवल्याचा पुरावा

माझ्या पंच्याहत्तर वर्षांच्या बापाला तुम्ही खेळणं ठरवलंत. तोंडी नव्हे, लेखी. छापील फॉर्मवर, रकाना क्रमांक सात, ‘मनोरंजनाचं चाकांचं साहित्य उघड्यावर ठेवणे’, त्यापुढच्या चौकोनात निळ्या शाईची फुली आणि सोबत रंगीत फोटो. फोटोत माझे वडील. मांडीवर शाल, डोक्याला कानटोपी, हातात पंचांग. खाली तुमची ओळ : ‘सदर वस्तू चोवीस तासांत हटवावी व हटवल्याचा पुरावा जोडावा.’

तुम्ही म्हणजे नक्की कोण, हे अॅरिझोनातल्या चँडलरच्या या कॉलनीत चार वर्षं राहूनही मला कळलेलं नाही. पत्राखाली सही ‘कमिटी’ अशी असते. कमिटीला नाव नाही, तोंड नाही, पण डोळे आहेत. आमचा कचऱ्याचा डबा बुधवारी संध्याकाळी सातनंतर रस्त्यावरून दिसतो, हे तिला दिसतं. शैलजाने, म्हणजे माझ्या बायकोने, दारात लावलेली तुळस ‘मंजुरी नसलेलं झुडूप’ आहे, हेही दिसतं. घराला रंग कोणता द्यायचा त्याचे तुम्ही तीन पर्याय दिलेत आणि तिन्ही बदामी. हे सगळं मी मुकाट्याने सोसलं. इंजिनियर माणूस, व्हिसावर आलेला. सोसणं हा आमचा मूळ विषय. पण बाप रकान्यात घातलात, तेव्हा माझं डोकं फिरलं. तुमच्या फॉर्मवर खुलासा लिहायला दोन ओळींची जागा आहे. माझा खुलासा तेवढ्यात बसत नाही, म्हणून इथे छापून घेतो आहे.

तर खुलासा.

माझे वडील दिगंबरराव, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एकतीस वर्षं सांगलीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. सातवीच्या वर्गात ते दरवर्षी फळ्यावर कोलोरॅडो नदीची घळई काढत. ग्रँड कॅन्यन. न बघता. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि ते चाकांच्या खुर्चीत बसले. मे महिन्यात आमच्याकडे आले ते एकच वाक्य घेऊन : “मोरेश्वरा, ती घळई एकदा ताडून बघायची आहे.” परतीचं तिकीट बारा ऑक्टोबरचं.

घळई आमच्या घरापासून साडेचार तासांवर. गाडीत बसलं की आलं. असं तुम्हाला वाटेल, कारण तुम्हाला नाना माहीत नाहीत. नाना परक्या संडासात जात नाहीत. हा हट्ट नव्हे, हे तत्त्व आहे. जूनमध्ये एकदा निघालो होतो. दीड तासावर पेट्रोल पंपाच्या संडासात त्यांची खुर्ची दारात अडकली. मागे रांग लागली. दोन धिप्पाड माणसांनी ‘हॅव अ गुड वन, सर’ म्हणत त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं. नाना एवढंच म्हणाले, “गाडी वळव.” परतीच्या दीड तासात ते एक शब्द बोलले नाहीत. भूगोलाच्या मास्तरला वाटेतला एकही डोंगर बघावासा वाटला नाही, यावरून समजा.

त्यानंतर आमच्या ऋषीने, वय वर्षं दहा, फ्रीवेवर बोट दाखवलं. “लुक आजोबा, दॅट हाउस हॅज अ रॅम्प!”

ते घर म्हणजे टॉय हॉलर. गाडीमागे ओढायचा मोठा ट्रेलर. पुढच्या अर्ध्या भागात ओटा, पलंग आणि संडास. मागचा अर्धा भाग गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचाच उतार होतो. त्या उतारावरून इथली चाळिशी-पन्नाशीतली माणसं आपल्या मोटरसायकली नि ‘क्वाड’ नावाच्या चारचाकी फटफट्या आत चढवतात, वाळवंटात जाऊन धूळ उडवतात आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात जबाबदार दिसतात. त्या फटफट्यांना टॉय म्हणतात. खेळणी. नाव त्यांनीच ठेवलंय, मी नाही.

मी विचार करायला लागलो. आमच्यात विचार एकट्याने करायची पद्धत नाही, म्हणून श्रीरंगला बोलावलं. श्रीरंग नागपूरचा, माझ्याच कंपनीत, आणि आयुष्यात एकदाही तंबूत झोपलेला नाही. त्यामुळे कॅम्पिंगवर तो अधिकारवाणीने बोलतो.

“काय बे, टॉय हॉलर?” तो म्हणाला. “टॉय कुठे आहे तुझ्याकडे?”

“नाना आहेत.”

“यार, मजाक नको करू. साठच्या वर गेला ना, की मागून शेपटीसारखा हलतो तो ट्रेलर. अन् ओढशील काय? मिनिव्हॅनने? मिनिव्हॅन पुढे जाईल, बंपर मागे राहील. आणि रिसेल व्हॅल्यू?”

“श्रीरंग,” आतून नानांचा आवाज आला, “माझी रिसेल व्हॅल्यू काय आहे?”

श्रीरंगने पोहे संपवले आणि तो गेला. पण मिनिव्हॅनचा मुद्दा बरोबर होता. तो समोरच्या डगने सोडवला. डग बांधकामातला माणूस, ट्रक एवढा मोठा की त्याची सावली आमच्या हॉलमध्ये पडते. “आय विल पुल यू,” तो म्हणाला. “युअर डॅड वॉन्ट्स टू सी द कॅन्यन, ही सीज द कॅन्यन.” एवढंच. ना मीटिंग, ना फॉर्म. अशा माणसाला तुम्ही कमिटीत का घेत नाही, ते मला आता कळतं.

जवळच्या अपाचे जंक्शन गावातल्या एका म्हाताऱ्याने जुना टॉय हॉलर विकायला काढला होता. चोवीस फुटी. बघायला सगळे गेलो. मुलगी बघायला जातात तसे, चहाची अपेक्षा ठेवून. म्हाताऱ्याने मला विचारलं, “सो, व्हॉट्स युअर टॉय?”

मी म्हणालो, “चार चाकं आहेत.”

“क्वाड! हॉर्सपॉवर?”

मी मागे वळून नानांकडे बघितलं. “कमी झाली आहे.”

नाना उतारावरून आत गेले. कुणी उचललं नाही, कुणी धरलं नाही. मी फक्त मागून ढकललं. ते थेट संडासाशी गेले, दार लावून घेतलं आणि अकरा मिनिटं आत बसले. म्हातारा घड्याळाकडे बघायला लागला. शैलजा कुजबुजली, “मोरेश्वर, आत काही झालं तर नाही ना?” तेवढ्यात दार उघडलं. “पास,” नाना म्हणाले. जूननंतर पहिल्यांदा ते हसले.

इथपर्यंत तुमचा काही दोष नाही. दोष पुढे सुरू होतो.

म्हाताऱ्याला जागा रिकामी हवी होती, म्हणून डगने रविवारी, एक ऑक्टोबरला, ट्रेलर आणून आमच्या ड्राइव्हवेवर लावला. ड्राइव्हवे बावीस फूट, ट्रेलर चोवीस. दोन फूट फूटपाथवर. मान्य. आणि सोमवारी डग ट्रक घेऊन कामावर टूसॉनला गेला, तो शुक्रवारी परतणार होता. त्याच रात्री निघायचं. सामान भरायला तुमचा नियम फक्त चोवीस तास देतो. चोवीस तासांत अमेरिकन माणसाचं सामान भरून होतं, कारण तो हॉट डॉग घेतो. आमच्याकडे कुकर, पोळपाट, नानांचा पाट, मुगाच्या लाडवांचा डबा आणि ‘असू दे’ या सदराखालच्या एकोणीस वस्तू असतात.

तरीही कदाचित निभावलं असतं. पण सोमवारी दसरा होता.

“निघायचं तर आज,” नाना म्हणाले. “सीमोल्लंघन. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.”

“नाना, ट्रक शुक्रवारी येणार.”

“मग पस्ताना ठेवू.”

तुमच्या नियमावलीत पस्ताना नाही, म्हणून सांगतो. मुहूर्त आज आहे आणि निघणं आज जमत नाही, अशा वेळी प्रवाशाची एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो मागाहून सवडीने जातो. मात्र ती वस्तू परत घरात येता कामा नये. आली, तर प्रवास मोडला. नानांच्या मते याला पाच दिवसांची मुदत असते. तुमच्या शास्त्रात चोवीस तास, आमच्या शास्त्रात पाच दिवस. कोणतं शास्त्र दयाळू, ते तुम्हीच ठरवा.

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी नानांचा स्वेटर, मूठभर तांदूळ, सुपारी आणि नारळ अशी पिशवी मी डगच्या घरी नेऊन दिली. डगच्या बायकोने, लिंडाने, ती दोन्ही हातांनी घेतली. “इज इट अ गिफ्ट?” “नो, इट इज अ डिपार्चर,” मी म्हणालो. ती समजुतीने हसली. ते हसणं समजल्याचं नव्हतं, हे गुरुवारी कळलं.

मंगळवारी तुमची पहिली नोटीस आली. बुधवारी दुसरी. बुधवारी दुपारी मी रजा टाकून तुमच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या. गोड, आणि आतून पोलादी.

“सर, इज द ट्रेलर इन युअर ड्राइव्हवे?”

“दिसतो तिथे,” मी म्हणालो, “पण तो सोमवारी निघालेला आहे.”

“सर, इट्स अ यस-ऑर-नो क्वेश्चन.”

मी कागद घेतला. आमचं घर काढलं, डगचं घर काढलं, पिशवी काढली, बाण काढला. पंधरा मिनिटं मी अमेरिकन माणसाला पस्ताना समजावत होतो. माझ्या एकाही मॅनेजरने माझं इतका वेळ ऐकलेलं नाही. शेवटी बाईंनी फाइलवर एक वाक्य लिहिलं, ते मी उलटं वाचलं : ‘गाडी सोमवारी गेल्याचं रहिवाशाचं म्हणणं. गाडी अजून दिसते.’ आता सांगा, यात खोटं काय होतं? दोन्ही खरं होतं. पण तुम्ही दुसरं वाक्य तेवढं धरून ठेवलंत.

मी श्रीरंगला फोन केला. तो म्हणाला, “तरी मी म्हटलं होतं बे.” त्याने हे म्हटलं नव्हतं. पण कोणतंही संकट आलं की श्रीरंगने ते आधी म्हटलेलं असतं.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात लिंडा. एका हातात बनाना ब्रेड, दुसऱ्या हातात पस्तान्याची पिशवी. धुतलेली. इस्त्री केलेली. “हनी, यू फरगॉट युअर थिंग्ज अॅट अवर प्लेस,” असं म्हणून ती चांगुलपणाने आत आली आणि पिशवी आमच्या डायनिंग टेबलावर ठेवून गेली.

शैलजाने कपाळाला हात लावला. नाना टेबलाशीच बसले होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

“मोडला,” ते म्हणाले.

“नाना, तिला बिचारीला काय माहीत?”

“चांगुलपणाने मोडलं तरी मोडलंच. ब्रेड ठेवून घ्या, छान दिसतोय.”

“ओके, सो जस्ट टेक इट बॅक,” ऋषी म्हणाला. “लाइक अ रीस्टार्ट.”

“दसरा रीस्टार्ट होत नाही रे बाळा.”

मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि मला पेट्रोल पंपापासूनचा तो दीड तास आठवला. बारा तारखेला विमान. शनिवार गेला की संपलं. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षी एवढा प्रवास जमेलच असं नाही. हे नानांनाही माहीत होतं. त्यांनी मुद्दाम कुणाला विचारलं नव्हतं, एवढंच. मी म्हणालो, “नाना, मुहूर्ताशिवाय गेलो तर घळई काय पळून जाणार आहे?”

“घळई नाही जाणार,” नाना म्हणाले. “मला अकरा वर्षांपूर्वी मुहूर्त न बघता निघालेलं एकदा भोवलंय.”

ते खरं होतं. आईला मुंबईच्या दवाखान्यात न्यायला निघालो होतो, अमावास्येला. आई परत आली नाही. नानांचा कशावर किती विश्वास आहे, हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

नानांनी पंचांग उघडलं, पानं उलटली आणि चष्मा पुसला. “एक तोड आहे. पिशवीऐवजी धनीच घराबाहेर गेला आणि परत उंबऱ्याच्या आत आला नाही, तर चालतं. पाच दिवस अजून भरलेले नाहीत. चल, मला ट्रेलरमध्ये बसव.”

“हे पंचांगात आहे?” शैलजाने विचारलं.

“एकतीस वर्षं मास्तर होतो मी, सूनबाई. पुस्तकात नसलेलंही शिकवावं लागतं.”

अशा रीतीने गुरुवारी दुपारी तीन वाजता माझे वडील ग्रँड कॅन्यनला निघाले आणि आमच्या ड्राइव्हवेवर पोचले. बाहेर फॅरनहाइटमध्ये पंचाण्णव डिग्री. मी गॅरेजातून वायर ओढून ट्रेलरचा एसी लावला. तो थेट डोक्यावर यायचा, म्हणून कानटोपी. जेवण शैलजा ताटात नेऊन द्यायची. नाना खुशीत होते. “प्रवासातलं जेवण चवदार लागतं,” म्हणाले. स्वयंपाकघर तिथून अकरा पावलांवर होतं.

शुक्रवारी सकाळी आठला तुमचा प्रतिनिधी आला. गोल्फच्या गाडीत बसून. गुडघ्यापर्यंतची आखूड विजार, गळ्यात कॅमेरा. उतार उघडा होता आणि नाना आत उन्हाकडे तोंड करून पंचांग वाचत होते. एक माणूस मनोरंजनाच्या चारचाकी वाहनात बसून, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या माणसाचा फोटो काढत होता. आणि रकाना सातमध्ये दुसरा गेला. नानांनी त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. उत्तर आलं नाही. कमिटी वस्तूंशी बोलत नसावी.

दुपारी तो फॉर्म आला. ऋषीने वाचला. “डॅड, दे थिंक आजोबा इज द टॉय!” तो हसत सुटला. मग माझ्याकडे बघून थांबला. मी काय बोललो ते इथे छापणार नाहीत.

नाना मात्र शांत होते. त्यांनी लाल पेन मागितलं. ‘उघड्यावर’खाली रेघ ओढून समासात लिहिलं : ‘चूक. छताखाली होतो.’ ‘मनोरंजनाचं’ या शब्दाला प्रश्नचिन्ह. शेवटी दहापैकी तीन गुण आणि शेरा : ‘निरीक्षण बरे, आकलन कमी.’ ती प्रत तुमच्या फाइलमध्ये असेल. नसेल, तर माझ्याकडे दुसरी आहे.

चोवीस तास म्हणालात, आणि साडेतीनलाच टोइंगचा ट्रक पाठवलात. कारण काय, तर ही तिसरी नोटीस होती. ट्रकवाला उतरला, उंच, मिशाळ, कमरेला साखळ्यांचा जुडगा. मागोमाग गोल्फची गाडी. ट्रकवाल्याने ट्रेलरमध्ये डोकावून बघितलं.

“देअर इज अ मॅन इन हिअर.”

“आय नो,” मी म्हणालो.

“कान्ट टो अ मॅन,” तो गोल्फवाल्याला म्हणाला.

गोल्फवाले म्हणाले, “देन गेट हिम आउट.”

नानांनी ऋषीला विचारलं, “हे कुठे न्यायचं म्हणतायत?”

“टू सम यार्ड. इन मेसा.”

“म्हणजे उत्तरेला?” नानांनी बोटांवर मोजलं. “शुक्रवारी पश्चिम वर्ज्य. उत्तर चालेल. त्यांना सांग, ओढा.”

“नाना, ते जप्त करतायत!” मी ओरडलो. “घळईला नाही नेत!”

“हे बघ मोरेश्वरा, आपल्याकडे ट्रक नाही. यांच्याकडे आहे. आणि आज पाचवा दिवस.”

ऋषीने ट्रकवाल्याला सगळं सांगितलं. घळई, फळा, नारळ, पिशवी, बनाना ब्रेड. पंधरा मिनिटांत मला बुधवारी जमलं नव्हतं ते पोराने दोन मिनिटांत केलं. ट्रकवाला नानांकडे बघत राहिला. मग त्याने हातातला आदेशाचा कागद वाचला. मोठ्याने. “रिमूव्ह फ्रॉम प्रॉपर्टी.” पुन्हा वाचला. “डझन्ट से हाऊ फार.”

नाना उतारावरून खाली आले. उंबऱ्याकडे नव्हे, रस्त्याकडे. ट्रकवाल्याने ट्रेलर जोडला आणि चालण्याच्या वेगाने निघाला. मागे मी नानांची खुर्ची ढकलत. शैलजा पस्तान्याची पिशवी घेऊन, ऋषी लाडवांचा डबा घेऊन. लिंडा धावत आली आणि कारण न विचारता आमच्यात चालायला लागली. सगळ्यात मागे गोल्फची गाडी, पिवळा दिवा लुकलुकत. तुमच्या बदामी घरांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. चार वर्षांत त्या रस्त्यावर इतकी माणसं मी पहिल्यांदा बघितली.

कॉलनीच्या फाटकाबाहेर, शहराच्या रस्त्यावर, ट्रकवाल्याने ट्रेलर सोडला. “रिमूव्ह्ड,” तो म्हणाला आणि कागदावर सही केली. नानांनी फाटकाची रेघ ओलांडताना हात जोडले. “झालं सीमोल्लंघन,” म्हणाले. त्यांनी ट्रकवाल्याला लाडू दिला. गोल्फवाल्यांनाही देऊ केला. त्यांनी घेतला नाही; बहुधा मंजुरी नव्हती.

अर्ध्या तासात डग टूसॉनहून आला. त्याने फक्त विचारलं, “नाऊ?” नाना म्हणाले, “नाऊ.”

शनिवारी सकाळी आम्ही घळईच्या कठड्याशी होतो. नाना घळई बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डगनेसुद्धा टोपी काढली. मग नानांनी हवेत बोटाने एक आकृती काढली, पुसली आणि परत काढली.

“मी एकतीस वर्षं ही नुसती तिरप्या दोन रेघांची काढली,” ते म्हणाले. “पायऱ्या आहेत की हो! केवढ्या पायऱ्या. एकतीस वर्गांना चुकीचं शिकवलं मी.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसून म्हणाले, “चला, ट्रेलरकडे न्या. वेळ झाली.”

तुम्ही पुरावा मागितला होता. मी तो जोडला : कठड्याशी खुर्चीत नाना, मागे घळई. वस्तू दोनशे तीस मैल हटवली आहे, असं खाली लिहिलं. तुमचं उत्तर आलं, छापील : ‘वस्तू हटवल्याबद्दल धन्यवाद. प्रकरण बंद. हीच वस्तू बारा महिन्यांत पुन्हा आढळल्यास कडक कारवाई.’

काल नानांचा सांगलीहून फोन होता. डॉक्टरांनी हो म्हटलंय. मिसिसिपीचा त्रिभुज प्रदेशही त्यांनी न बघताच काढलेला आहे आणि तोही आता ताडून बघायचा आहे. म्हणजे हीच वस्तू मार्चमध्ये परत येते आहे, चाकांसकट, आणि मुहूर्त बघून. तर आता उत्तर द्या. तेव्हाही तिला रकाना सातमध्ये घालणार, की तोवर तुमच्या फॉर्मवर माणसाचा एखादा रकाना छापून घेणार? नाना दर रविवारी विचारतात, “आलं का उत्तर?” लेखी द्या. सही नावानिशी करा. लाल पेन ते घेऊन येणारच आहेत.